माझ्या बॅगेवरचं दुसऱ्याचं नाव

ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरला मागे एक लहानशी गॅलरी होती. तिथं माझी पायडलची मशीन असायची. वारा आमच्याकडे वळला की वीज केंद्राच्या चिमणीची बारीक राख कापडावर येऊन बसायची, म्हणून मी गॅलरीला जुन्या चादरीचा पडदा लावला होता. नवरा कोळशाच्या विभागात शिफ्टला जायचा. रात्रपाळी करून तो दुपारी झोपला की मशीन बंद. मग मी हातशिलाई काढायची. बॅगांचे पट्टे मी कधीच मशीनवर लावले नाहीत. मेण लावलेला दोरा, दोन सुया, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी ओवायचा. वेळ फार जातो, बोटं चिरतात, पण कापड फाटलं तरी तो पट्टा सुटत नाही. एवढा एक अभिमान मला होता.

तो प्रदर्शनात मोडला. आमच्या बचत गटाला चंद्रपुरात स्टॉल मिळाला होता. बाया यायच्या, बॅग खांद्याला लावून बघायच्या, आतून हात फिरवायच्या. चेहऱ्यावर दिसायचं की आवडली. मग विचारायच्या, “कोणत्या कंपनीची हाय?”

“मीच शिवते. घरी.”

हे ऐकलं की बॅग खाली ठेवली जायची. शेजारच्या क्वार्टरातल्या बाईसुद्धा आल्या होत्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, मला धाकट्या बहिणीसारखं वागवायच्या. त्यांनी एक काळी बॅग उचलली, उलटीपालटी केली आणि मायेनंच म्हणाल्या, “भाजी आणाले बरी हाय. लग्नात न्याले नाई जमत.” संध्याकाळी उरलेल्या बॅगा पोत्यात भरताना मला त्या बॅगांचीच लाज वाटत होती. जणू त्यांनीच माझं नाक कापलं होतं.

त्याच प्रदर्शनात बाजारातला एक दुकानदार येऊन गेला होता. पुढच्या आठवड्यात त्यानं बोलावलं. माझ्या शिलाईवरून अंगठा फिरवला, पट्टा ओढून पाहिला आणि टेबलाच्या खणातून एक पुडी काढली. पुडीत सोनेरी रंगाच्या लहान लहान पट्ट्या. त्यांवर इंग्रजीत काहीतरी कोरलेलं.

“ताई, समोरून हे ठोकून द्या. काळं अस्तर मी देतो. जेवढ्या शिवाल तेवढ्या घेतो.”

घरी मुलीनं पट्टी वाचली आणि हसायलाच लागली. “आई, हे कोणाचं नाव हाय माहीत हाय काय तुले? नट्या वापरतात ह्या बॅगा!”

“मग चालते काय असं?”

“सगळा बाजारच तर असा हाय.”

मला तेव्हा वाईट वाटलं, असं मी लिहिणार नाही. मला आनंद झाला. माझी बॅग आता कोणी खाली ठेवणार नव्हतं. नवऱ्यानं फक्त एकदा पट्टी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, “मेहनत तुझी, नाव दुसऱ्याचं.” ते कौतुक होतं की टोमणा, मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात बाईंचा मुलगा पुण्याहून आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी भिंतीवरून हाक मारली. मी कणीक मळत होते, तशीच गेले. पलंगावर पांढऱ्या टॉवेलवर एक बॅग ठेवली होती. तपकिरी रंगाची, समोर सोनेरी पट्टी.

“पोरानं आणली. पुण्याच्या मॉलमधून. ओरिजनल हाय.”

मी पुढं झाले तशा त्या म्हणाल्या, “पिठाचे हात हायेत तुझे. लांबूनच पाह्य.”

लांबूनही मला कळलं. पट्ट्याच्या बुडाशी मी आडवा टाका घालते, तो तिथं होता. स्वतःच्या लेकराला गर्दीत ओळखावं तसं मी त्या बॅगेला ओळखलं आणि लेकराला ओळख न दाखवावी तशी गप्प उभी राहिले. मुलगा दाराशी होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

“शिलाई पाह्य कशी हाय,” बाई म्हणाल्या. “तू शिवते ना? असं शिकाले पाह्यजे. मन लावून केलं की येते.”

“होय बाई. लई बारीक हाय,” मी म्हणाले.

घरी येऊन कणीक मळता मळता मला हसू आलं. पण ते ओठांपर्यंत येईतो आंबून गेलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं, आणि ते घ्यायला मी तिथं नव्हतेच.

पावसाळ्यात वर्षावास सुरू झाला. रोज संध्याकाळी आम्ही बाया पांढऱ्या साड्या नेसून बुद्धविहारात जायचो. ग्रंथाचं वाचन ऐकायच्या आधी सगळ्या मिळून पंचशील म्हणायचो. बाई माझ्यापुढं बसायच्या. बॅग मांडीजवळ, पट्टी वर करून. ‘मुसावादा वेरमणी’ आलं की माझा आवाज बारीक व्हायचा. लहानपणापासून पाठ असलेली ओळ, अर्थही पाठ, खोटं बोलणार नाही म्हणून. आणि समोर माझं खोटं एवढं ऐटीत बसलेलं. एकदा शेजारच्या म्हातारीनं विचारलंही, “घसा बसला काय तुझा?” मी मान हलवली.

मग बॅगेची चेन बिघडली. बाई दोन दिवस मला विचारू की नको, अशा घुटमळत होत्या. शेवटी घेऊन आल्या. “तुझ्यानं होईन काय? नाई तर पोरगा पुण्याले नेईन म्हणते. महागाची वस्तू हाय, मले भेव वाटते.”

“होईन बाई. रनर सैल झाला हाय फक्त.”

आतला कप्पा उलटा केला तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. दुकानदाराचं काळं अस्तर कमी पडलं होतं, तेव्हा न दिसणाऱ्या बाजूला मी मुलीच्या जुन्या फ्रॉकचा तुकडा लावला होता. पिवळी फुलं. मी रनर दाबून नीट केला आणि बॅग परत दिली. बाई पैसे देऊ लागल्या. मी घेतले नाहीत, तेव्हा त्यांनी लाखोळीच्या डाळीचे वडे आणून दिले. गरम होते. मुलीनं आणि नवऱ्यानं खाल्ले. माझ्या वाट्याचेही मी त्यांच्याच ताटात वाढले.

हिवाळ्यात बाई नागपूरला भाचीच्या लग्नाला गेल्या. परतल्या त्या संध्याकाळी सरळ माझ्याकडे आल्या, साडीसुद्धा न बदलता. खुर्चीवर बसल्या. बॅग मांडीवर, पट्टीवर हात दाबून.

“नवरदेवाकडची एक पोरगी होती. सगळ्यायसमोर म्हणे, मावशी, ही डुप्लिकेट हाय. अक्षरच चुकलं हाय म्हणे नावाचं. हासल्या सगळ्या.”

मी पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

“पोराले फोन लावला. तर म्हणते, आई, इथूनच घेतली होती, चंद्रपूरच्या बाजारातून. तुले बरं वाटंल म्हणून पुण्याची सांगितली. त्याचं काय, पोरगं हाय. पण हे बनवणारं कोण असंन? दुसऱ्याच्या इज्जतीशी खेळ करून राह्यले! उद्या जातो मी त्या दुकानात. नाव विचारतोच.”

इथं मी खरं बोलले. पण खऱ्याच्या ओढीनं नाही. उद्या दुकानदार माझं नाव सांगेल, याची भीती वाटली म्हणून.

“बाई, नका जाऊ. ते मीच शिवली.”

त्यांना आधी समजलंच नाही. मी कप्पा उघडून पिवळी फुलं दाखवली. त्या फ्रॉकमध्ये माझ्या मुलीला त्यांनी कडेवर घेऊन फिरवलं होतं. त्यांनी त्या तुकड्यावर बोट ठेवलं.

“म्हणजे तवा मी तुले शिक म्हणलं…”

“बाई, तसं नाई…”

“घरी येऊन हासली असशीन माह्यावर.”

“नाई हासली. खरंच नाई.”

“मंग सांगतलं काऊन नाई? लग्नाले जाऊन राह्यली होती मी ते घेऊन. तुले माहीत होतं. जाऊ देल्लं तू मले.”

लग्नाला निघताना त्यांना बॅग खांद्याला लावून मी फाटकापाशी पाहिलं होतं, छान दिसते बाई, असंही म्हणाले होते. त्या उठल्या आणि गेल्या. भिंतीवरून येणारी हाक त्या दिवसापासून बंद झाली.

पुडीतल्या उरलेल्या पट्ट्या मी दुकानदाराला परत केल्या. तो भांडला नाही. “बिना नावाची कोण घेते, ताई?” एवढंच म्हणाला. त्याला शिवून देणारं दुसरं कोणी मिळालं असेलच. मी आता शाळेची दप्तरं शिवते, जुन्या चेना बदलून देते. क्वचित कोणी बॅग सांगतं.

बाईंचे यजमान रिटायर झाले आणि त्यांनी क्वार्टर सोडलं. सिंदेवाहीकडच्या त्यांच्या गावाला सामान न्यायला छोटा ट्रक आला. मी न बोलावता गेले. बाईंनी मला हाकलून दिलं नाही. भांड्यांचं गाठोडं माझ्यापुढं सरकवलं. मी बांधत बसले. त्यांची जाऊ गावाहून आली होती. तिनं खुंटीवरची तपकिरी बॅग काढली. समोरची पट्टी उचकटून टाकलेली होती.

“कायची मजबूत हाय हो ही! कुठून घेतली?”

बाई चादरीची घडी घालत होत्या. माझ्याकडे न बघता साध्या आवाजात म्हणाल्या, “हिनं शिवली. हातानं. चांगली शिवते.”

जाऊ माझ्याकडे बघून कौतुकानं हसली. “मले पण देजो एक शिवून.”

मला हेच हवं होतं ना? प्रदर्शनातल्या त्या दिवसापासून हेच ऐकायचं होतं. मी गाठोड्याच्या गाठीवर आणखी एक गाठ मारली, मग तिच्यावर आणखी एक. मान वर करून “देईन” म्हणणं मला जमलं नाही. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा बाई स्वतःच पुढं आल्या, माझ्या हातातून गाठोडं घेतलं आणि म्हणाल्या, “एवढं कायले बांधलं? सोडाले मलेच लागंन ना.”

मग त्या चढून बसल्या.