सैल कासरा

तीन आठवड्यांपूर्वी भाच्याचा फोन आला. बाबा गेले, झोपेतच. मी आधी विचारलं ते एवढंच, की मूठ मिटलेली होती का रे? तो गोंधळला. नाही आत्या, म्हणाला, हात चादरीवर उघडाच होता. रडू आलं, पण त्याच्या आधी हसू आलं... दादानं शेवटपर्यंत जमवलं होतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मॅट्रिक झालेला दादा सकाळी मोशीच्या आमच्या मळ्यातली भाजी बैलगाडीनं चिंचवडला पोचवायचा आणि दुपारी सायकल हाणत फ्लाइंग क्लबात विमान शिकायला जायचा. वर गेला की झकास. घोडं अडायचं ते उतरताना. जमीन जवळ आली की पुढ्यातली दांडी हलके हलके मागे घ्यायची असते, हा द्यायचा हिसका. थांबायचं म्हणजे कासरा खेचायचा, हेच लहानपणापासून हातात मुरलेलं. विमानाचं नाक वर जायचं आणि चाकांआधी शेपूट जमिनीवर आपटायचं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा शेपटाखालचं चाकच मोडलं. वाऱ्यावर ढकलून दे, असं मित्रांनी सुचवलं. दादा शिक्षकांपुढे जाऊन म्हणाला, "वारं न्हवतं सायेब. मीच वढलं." त्यांनी परीक्षेची एक संधी दिली. पुन्हा शेपूट आपटलं तर नाव कमी होणार होतं.

त्या दिवसापासून आमचे हाल सुरू झाले. कासरा न ओढता नुसत्या आवाजावर बैल थांबवायचे, असं यानं मनावर घेतलं. मळ्यातून घरी येताना मागे मेथीच्या जुड्यांवर मी. बैलांना काय पत्ता? घर मागे पडायचं, समोर इंद्रायणी दिसू लागायची, आणि हा आपला सैल हातानं "होऽ रं राजा, होऽ" करतोय. एकदा गाडी पाण्यात गेली. आई म्हणाली, "इमान ऱ्हाऊ दे, आदी गाडी तरी घरी आन." हळूहळू बैल ऐकू लागले... खरं तर दादाचे हात ऐकू लागले.

परीक्षेला त्यानं मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं. मी कुंपणाशी देव पाण्यात घालून उभी. विमान खाली आलं, नाक सावकाश उचललं, चाकं टेकली, आणि मग शेपूट अलगद मागोमाग उतरलं. मी तिथंच नाचले. परीक्षक खाली उतरून विचारत होते, हा सारा वेळ 'होऽ रं राजा' कुणाला म्हणत होता? पुढे हयातभर दादानं विमानं चालवली, शेपूट कधी आपटू दिलं नाही. नव्या पोरांना शिकवतानाही सुरुवात करायचा ती स्वतःच्या त्या हिसक्यापासून. माझ्या भावाचा मला केवढा अभिमान आहे, हे मी त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही, नाहीतर तो डोक्यावर बसला असता.

परवा त्याच्या खोलीत गेले. खुंटीवर वैमानिकाची टोपी, तिच्याखाली तोच कासरा. भाच्यानं काढून एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं त्याच्याकडेच राहिलं. फार वाटलं, जोरात ओढावं, ओढून दादाला परत आणावं... मग मूठ सैल केली. होऽ रं राजा, म्हटलं, होऽ.