चिमीचा अंगठा आणि ताईचा नेफा

मंडळी, दुपारपासून लिहायचं टाळतोय. आधी चहाला गेलो, मग दवाखान्यासमोर एकजण रेडिओ खोलून बसलेला, तिथंच रमलो.

माझी भाची चिमी तीन वर्षांची. तिचा अंगठा वाकलेलाच अडकून राहायचा. सहा महिने पट्टी बांधून वाट बघितली. आज बारामतीत ऑपरेशन होतं आणि ताई ऐनवेळी अडून बसली. "शीर तुटली तर जन्माचं अधूपण."

डॉक्टर म्हणाले, "अंगठा हलवणाऱ्या दोरीला गाठ आलीय. ती अरुंद नळीत अडकते. छोटा छेद देऊन नळी उघडायची. छेद न देता बाहेरून सुई घालूनही नळी उघडता येते, पण मग आतलं दिसत नाही."

ताई शिवणकाम करते. म्हणाली, "म्हंजे नेफ्यात नाडीची गाठ अडकलीय. नेफा उसवायचा, नाडीला हात न्हाय लावायचा?"

"अगदी तसंच."

"मग सुई नको. उसवताना दिसाय पाहिजे."

आणि तिनं सही केली.

आता पट्टीतून चिमीच्या अंगठ्याचं टोक सरळ डोकावतंय आणि ती बिस्किट मागतीय. तुमची भीती कुणी अशी एका वाक्यात घालवलीय का?

थांबा, दारात तात्या, ताईचे सासरे. "पोरीवर सुरी चालवली तर तोंड बघणार न्हाय" म्हणालेले. अंथुर्ण्याहून एकटे आलेत, धोतराच्या सोग्यात पेरू घेऊन.