एसच्या डोक्यावरचा स्वल्पविराम

पेंटरकाका चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या लिहीत आले होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागदावर शब्द लिहून देई आणि काका तो चित्रासारखा हुबेहूब उतरवत. हात इतका बसलेला की ओळ आखावी लागत नसे. ऐन उमेदीत त्यांनी एका पाटीवर शेवटच्या 'एस'च्या आधी, वरच्या अंगाला, लटकलेला स्वल्पविराम पाहिला. तो त्यांच्या मनात भरला. शेवटी एस आला की वेलांटीसारखा तोही द्यायचाच असतो, असं ते धरून चालले. पाटी भारदस्त दिसते म्हणून गिऱ्हाईकही खूश.

एका सकाळी ते पत्र्याला अस्तर मारत होते. शेजारी रेडिओ चालू होता. सकाळच्या कार्यक्रमातली जोडगोळी रंगात आली होती.

"काल बूट घ्यायला गेलो," निवेदक म्हणाला, "तर पाटीवर इंग्रजीत लिहिलंय, बुटाचं!"

"बुटाचं काय?" निवेदिकेने विचारलं.

"तेच तर! पुढच्या दुकानावर, केकचं. त्याच्या पुढे, चष्म्याचं. काय ते कोणी सांगेचना! दिसला एस की लाव वरचा स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी!"

"स्वल्पविराम किलोवर घेतले असतील."

"आणि सगळ्या पाट्यांखाली सही एकच. पेंटरकाका. काका, ऐकताय ना? त्या बिचाऱ्या एसला मोकळं सोडा!"

दोघं खो खो हसली. काकांना विनोद कळला नाही, पण आपलं नाव कळलं. त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला.

संध्याकाळी धाकटी मुलगी दवाखान्यातल्या कामावरून आली, तेव्हा त्यांनी तिला विचारलं. तिने वहीत लिहून दाखवलं. "बाबा, ते चिन्ह म्हणजे आपलं चा-ची-चे. वस्तू कुणाची ते सांगायला. एकाच्या अनेक झाल्या म्हणून नाही लावायचं."

"तुला हे ठाऊक होतं?"

मुलगी खाली बघू लागली. "होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." मग तिचा आवाज चढला. "पण चव्हाट्यावर नाव घ्यायचं म्हणजे काय? आत्ता फोन करते त्यांना."

"फोन कशाला? खोटं का बोलतायत ते?" काका म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सायकलला शिडी बांधून ते निघाले. आपली एकेक पाटी शोधायची, पार्श्वभूमीचा रंग जुळवायचा आणि ते चिन्ह बुजवायचं. बुटांच्या दुकानदाराने चहा पाजला. केकवाला म्हणाला, "असू द्या हो काका, कोण बघतंय?" काका शिडी चढले. आत रेडिओवर तीच थट्टा चालली होती. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

तिसऱ्या सकाळी कुणा श्रोत्याने स्टुडिओत कळवलं, की एक म्हातारे गृहस्थ गुडघा धरत शिडी चढतात आणि पाट्या दुरुस्त करतात. मग निवेदिका म्हणाली, "आपण जरा जास्तच हसलो." निवेदकाने गाणं लावलं.

त्या दुपारी काका शिंप्याच्या दुकानापाशी पोचले. शिंपी दोन वर्षांपूर्वी गेला होता. आता त्याची बायको मशीनवर बसे. काकांनी चिन्हावर ब्रश टेकवला, तोच ती धावत बाहेर आली.

"अहो, काय करताय? ह्यांचं नाव आहे ते!"

"नाव ठेवतो वहिनी. फक्त ही खूण पुसतो. चुकीची आहे."

"ह्यांनी स्वतः कागदावर लिहून दिलं होतं तुम्हाला. ह्यांचं दुकान, असं लिहिलंय ना?"

काकांचा हात थबकला. वहीतलं चा-ची-चे आठवून त्यांनी पाटी पुन्हा निरखली. आधी माणसाचं नाव, मग ती खूण, मग एस, मग दुकान. इथे ती बरोबर होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आपण लिहिलेलं त्यांना वाचता आलं.

"बरोबर आहे वहिनी," ते म्हणाले. "माझंच चुकत होतं."

त्यांनी ओला रंग फडक्याने अलगद टिपून घेतला. उन्हाने नावाची अक्षरं विटली होती. काकांनी डब्यात लाल रंग कालवला आणि पहिल्या अक्षरापासून ते नाव पुन्हा गिरवायला घेतलं. वहिनी मशीनकडे परत गेल्या नाहीत. दोन्ही हातांनी शिडी धरून त्या खाली उभ्या राहिल्या.