गावंडे सरांची बाजूची टाकी

किस्से काही कोणी जमवायला बसत नाही. एखाद्या खोलीत वर्षानुवर्षं तीच चार माणसं बसली, की कोपऱ्यातल्या जाळ्यासारखे ते आपोआप साचतात. आमची खोली म्हणजे अमरावतीच्या एका कॉलेजातला प्राणिशास्त्र विभाग, आणि किस्से सगळे आमच्या विभागप्रमुखांचे, म्हणजे गावंडे सरांचे!

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं होती. सरांनी मोठ्या हौसेनं समुद्रातल्या रंगीत माशांची टाकी उभारली होती. वऱ्हाडात समुद्र! लोक बघायला यायचे. मग एकदा मुंबईहून आणलेला एक नवा मासा सरांनी विश्वासानं थेट टाकीत सोडला. त्याच्या अंगावरचा रोग सगळ्यांना लागला आणि आठवड्याभरात टाकी रिकामी झाली. प्रिन्सिपॉल म्हणाले, "पुन्हा मासे मेले, तर ही खोली क्रिकेटच्या सामानाला देईन."

सरांनी टाकी पुन्हा भरली, पण त्या दिवसापासून त्यांचा विश्वास या जगावरून उडाला. मोठ्या टाकीच्या बाजूला एक छोटी टाकी आली. नवा मासा आधी महिनाभर त्या बाजूच्या टाकीत राहायचा, आणि त्याच्यावर सरांची नजर!

*

मासा विकत घेतानाच चौकशी सुरू व्हायची. मुंबईच्या दुकानात सर काचेला नाक लावून उभे. डोळे धुरकट आहेत का, कल्ले फार जोरात हलतात का, पोहताना अंग दगडाला घासतो का. दुकानदार म्हणायचा, "एकदम ठणठणीत आहे." सर म्हणायचे, "माह्यासमोर खाऊ घाला."

एकदा असा तास गेला. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, मासा नेताय की सून बघताय?"

सर म्हणाले, "सुनेच्या पायानं घरातले सगळे मरत नाहीत!"

*

समुद्राचं पाणी यायचं ते काचेच्या मोठ्या बुधल्यांतून, रेल्वेनं. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे. दारूबंदीचा काळ. प्लॅटफॉर्मवर बुचं लावलेले बुधले पाहून एक हवालदार सरळ आमच्याकडेच आला.

"काय हाय यात?"

"समुद्राचं पानी," सर म्हणाले.

"असं का! समुद्र घरी घेऊन चालले!" असं म्हणत त्यानं बूच काढून आत बोट बुडवलं आणि चाखलं. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. थुंकून म्हणाला, "जा, जा. घेऊन जा."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण सर जागचे हलेनात.

"थांबा. बोट दाखवा."

"बोट?"

"सकाळपासून ह्या बोटानं काय काय केलं तुमी?"

हवालदार भडकला. "मी सरकारी मानूस हाय!"

सर शांतपणे म्हणाले, "म्हनूनच इचारून राहिलो!"

तो बुधला मोठ्या टाकीत कधीच गेला नाही.

*

बाजूच्या टाकीची जाळी वेगळी, पाण्याचा मग वेगळा, हात पुसायचा टॉवेल वेगळा. इकडचं भांडं तिकडे गेलं की सर ओरडत धावायचे. आमच्यातला तायडे नांदगाव खंडेश्वरकडचा. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतलेली. शिकवण्यात आमच्यापेक्षा सरस आणि जिभेनं तिखट.

एकदा चुकून त्याच्या हातून पाण्याचा मग बदलला. सरांनी आकाशपाताळ एक केलं. तायडेनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, इतकी शिवाशीव तं आमच्या गावच्या पाटलानंबी पाळली नसन!"

आम्ही हसलो आणि लगेच ओशाळलो. सरही जरा चपापले. म्हणाले, "तायडे, इथली शिवाशीव महिन्यानं संपते. मंग मासा सगळ्यायसोबत आत जाते."

"मंग मासाच नशीबवान म्हना, सर!"

त्यानंतर पाण्याच्या मगावरून सरांनी तायडेवर पुन्हा कधी आवाज चढवला नाही.

*

आमची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग. झाडांवर फवारायला घरात मोरचूद असायचाच. बाजूच्या टाकीतल्या माशाच्या अंगावर साबुदाण्यासारखे पांढरे ठिपके आले, की सर त्यातलाच चिमूटभर, अगदी तोलूनमापून, पाण्यात घालायचे. एकदा माझे वडील विभागात आले आणि टाकीतल्या माशाकडे रोखून पाहू लागले.

"काय झालं याले?"

"रोग आहे, बाबा," मी म्हटलं. "मोरचूद देऊन राहिलो."

बाबा वाकून म्हणाले, "रोग शेपटाकडून दिसते. आमी रोगट फांदी छाटून टाकतो. तुमी शेपूट छाटून पाहा. पावसाळ्यात नवं फुटन!"

सर उठून बाबा आणि टाकी यांच्या मधोमध उभे राहिले. मला म्हणाले, "बाबाले चहा पाजा. पन इथी नको, हॉटेलात!"

*

सरांची निवृत्ती जवळ आली तशी त्यांची झोप उडाली. माझ्यामागं ही टाकी कोण पाहील, हीच काळजी. आम्ही म्हणायचो, "सर, आम्ही आहोत ना!" त्यावर ते खरोखर कळवळून म्हणायचे, "तुमी साधे मानसं रे. तुमचा कोनावरबी भरोसा बसते!"

त्यांच्या जागी मुंबईकडचे कर्णिक आले. तरुण, गोड बोलणारे. सरांना ते मुळीच पसंत पडले नाहीत. म्हणाले, "हा मानूस हसते फार. एक दिवस कोनीतरी मासा देईन आनि हा हसत हसत टाकीत सोडन!"

निवृत्तीनंतर आठवडाभर सर आले नाहीत. मग एका सकाळी झिंगे बारीक चिरून पुडीत घेऊन हजर. नेहमीच्या सवयीनं मोठ्या टाकीचं झाकण उचललं, तोच कर्णिकांनी त्यांचा हात धरला.

"सर, माफ करा. झिंगे कुठले?"

"बाजारातले."

"आणि हात धुतले का आपण?"

तायडे खिडकीबाहेर बघू लागला. ज्या माणसानं टाकी उभारली, त्याला विचारायची ही गोष्ट?

कर्णिक हसत हसतच म्हणाले, "आपण आता बाहेरून येता, सर. आजपासून झाकणाला हात नको. झिंग्यांचं मी बघतो."

सरांनी पुडी टेबलावर ठेवली. ते बाहेर पडले. मला फार वाईट वाटलं. सायकल हातात धरून मी त्यांच्यामागे निघालो. गांधी चौक आला, गेला, सर गप्पच. कर्णिकांना चार शब्द सुनवायचे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

घर आलं. सरांनी चपला काढल्या आणि दारातूनच आवाज दिला, "अवो, आयकलं का! आज पुरनपोळी करा!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आज कोनता सन हाय?"

"सनबिन काही नाही," सर म्हणाले, "पन आज मले झोप लागन. तुमी डाळ शिजाले टाका!"