एसटीत ऐकू येणारी सून

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं ऐकणं कमी होत गेलं. पाळण्यातलं पोर रडून लाल व्हायचं आणि मी शेजारच्या खोलीत निवांत तांदूळ निवडत बसलेली असायचे. सासूबाई धावत येऊन त्याला उचलायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात एसटीत मात्र मला छान ऐकू यायचं, अगदी मागच्या बाकावरच्या बायकांच्या गप्पासुद्धा. सासूबाईंसोबत धरणगावला जाताना एकदा मी त्या गप्पांना हसले आणि पकडली गेले.

“गाडीमा बठ्ठं आयकू येस, मंग घरमाच कसं येत नही? सोंग करस ती,” सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. पुढे पुढे तर माझीच मला शंका यायला लागली. कामाचा कंटाळा म्हणून आपणच कान बंद करतोय की काय?

अमळनेरच्या डॉक्टरांनी जळगावला कानाचा सीटी स्कॅन करायला सांगितलं. नव्वदनंतरची गोष्ट ही. नवऱ्याला तेलाच्या मिलमधून रजा मिळेना, म्हणून सासूबाईच सोबत आल्या. खरं तर खात्री करून घ्यायला.

तिथे कुड्या, मंगळसूत्र काढायला लावलं. ते मुठीत धरून सासूबाई बाहेर बसल्या. मशीनमध्ये मान न हलवता पडल्या पडल्या मी देवाकडे रोग मागत होते. काहीतरी निघू दे रे बाबा.

निघालं. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. “कानातलं सगळ्यात लहान हाड इथे टेकतं. इथलं हाड पांढरंशुभ्र दिसायला हवं, पण हा करडा ठिपका बघा. इथलं हाड बिघडलंय, त्यामुळे ते लहान हाड जखडलंय.”

“मंग गाडीमा?” सासूबाईंनी विचारलंच.

“गाडीत सगळे आवाज चढवून बोलतात. यांना इंजिनची घरघर कमी आणि ते बोलणंच जास्त ऐकू येतं. या आजारात असंच होतं.”

मला इतका आनंद झाला, की डॉक्टर ऑपरेशनबद्दल काय सांगत होते तिकडे माझं लक्षच नव्हतं.

परतीच्या एसटीत सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मनी चूक व्हयनी, बाई.”

मला माफीचा शब्द न् शब्द ऐकू आला होता. मी कानामागे हात धरला आणि म्हटलं, “काय?”

त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी इतक्या मोठ्यांदा, की पुढे तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरनेही मागे वळून पाहिलं.