बशीतलं मोकळं कडं

मंगळवार, सकाळ. हजर: मी, धाकटी जाऊ सुनंदा आणि प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई. सासूबाई रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, तापात.

बाईंनी काचेची बशी उजेडात धरली. सासूबाईंच्या लघवीतले जंतू तिच्यात सायीसारखे पसरले होते आणि त्यांच्यावर औषधांच्या पांढऱ्या चकत्या होत्या. औषध लागू पडलं, की चकतीभोवती मोकळं कडं उमटतं. इथे ते एकीभोवतीच होतं, तेही अरुंद. बाकी चकत्यांना साय अगदी चिकटलेली.

"औषध पोचतच नाही का?" सुनंदानं विचारलं.

"पोचतं. पण हे जंतू एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात, ते औषधच तोडून टाकतं. मनानं घेतलेल्या अर्धवट गोळ्यांतून असेच जंतू तगतात."

म्हणजे आम्ही घड्याळ लावून नर्सकडून देववलेलं प्रत्येक इंजेक्शन आत जाऊन तुटत होतं. ज्यांना डोळे नाहीत, मेंदू नाही, त्यांना नेमकं कुठे तोडायचं ते कळतं. जिना चढताना तेच मनात घोळत होतं.

"ह्यांच्या सुयांनी काही होत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या डब्यात मागच्या तापातल्या गोळ्या उरल्यात, त्या आण. वाया कशाला घालवायच्या?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. बशीत कडं उमटलेलं ते एकमेव औषध दुपारी सुरू झालं. डब्यातल्या गोळ्यांनी काय केलं, ते सासूबाईंना सांगायचं अजून राहिलंय.