आमोण्याची गाय: औषध चालू, पाणी बंद

आमोण्यात जुलाबानं सुकलेल्या एका दुभत्या गाईला तीन दिवस सुया टोचल्या आणि तिचं पाणी तोडलं. हे करणारी माणसं शिकलेली आहेत, माझ्या मामाच्या घरची आहेत, आणि माझ्या मामेभावाला अजूनही वाटतं की सुईच हलकी निघाली. म्हणून लिहिते आहे.

निघाले होते आमोण्याला मामाच्या घरी, नदीकाठी दोन दिवस बसायला. पेडण्याहून सकाळची बस, म्हापशाला भाजी-पाव, मग साखळीची बस. शुक्रवारी जाऊ नका, बाजारामुळे स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. मी शनिवार धरला. खिडकीही टाळा, खाणीच्या ट्रकांची लाल धूळ थेट तोंडात येते. साखळीला आमोण्याची बस चुकली. रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा.

मामेभाऊ सुभाष दारातच म्हणाला, "ताई, बरें जालें आयलीस. तुजें शिक्षण कामाक येतलें."

बी.फार्म. होऊन मला चाळीस वर्षं झाली. गोठ्यात गेले. गाय बसलेली, डोळे आत गेलेले. मानेचं कातडं चिमटीत धरलं तर सोडल्यावरही तसंच उभं. बादली उपडी.

"पाणी कुठाय?"

"जुलाब लागल्यात, ताई. उदक दिल्यार आनीक पातळ हगतली," वहिनी म्हणाली. "मांयय अशेंच करताली." मांय म्हणजे तिची सासू, माझी मामी.

"मे महिन्यात? जुलाबानं अंगातलं पाणी चाललंय आणि तुम्ही वरूनही बंद केलंत?"

सुभाषनं बाटली पुढे केली. जेंटामायसिन, जंतू मारायचं औषध. म्हापशाच्या कुठल्याशा दुकानातून, चिठ्ठीशिवाय. पहिली सुई लागू पडेना म्हणून दुसऱ्या दिवशी मात्रा दुप्पट. तिसऱ्या दिवशीही तेच.

नीट वाचा. सुकलेल्या जनावराचं रक्त स्नायूंकडे कमी फिरतं, म्हणून टोचलेलं औषध तिथंच रेंगाळतं, सावकाश शोषलं जातं. जे रक्तात उतरतं ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. त्यांना पाणीच मिळालं नाही तर हे औषध साचतं आणि मूत्रपिंडांनाच खातं. दुसरी सुई पहिलीवर चढते, तिसरी दोघींवर.

"शेवटची मुतली केव्हा?" मी विचारलं.

सुभाष बोटांवर जुलाबच मोजू लागला.

"किती वेळा हगली ते मोजलंस ना रे? मग मुताचं काय, ते मी पेडण्याहून मोजायचं?"

मी फोन केल्यावर डिचोलीहून गुरांची डॉक्टरीण आली. शिरेतून सलाइन लावलं, तोंडानं मीठ-गुळाचं पाणी. सुभाषला म्हणाली, "आता सुई उचललीत तर मी तुम्हालाच टोचीन."

मग कळलं, दूध सोसायटीत जातच होतं. बाटलीवर दूध टाकून द्यायचे जे दिवस लिहितात ते धडधाकट गाईसाठी. अशा गाईच्या दुधात औषध त्याहून जास्त दिवस उतरू शकतं.

"थोडेंच आशिल्लें गो ताई," सुभाष म्हणाला. थोडंच होतं म्हणे!

त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. नदीही पाहिली नाही. रविवार गोठ्यात, दर तासाला पाणी पाजत. सोमवारी सकाळी गाय धडपडत उभी राहिली आणि मुतली. तपासणीसाठी मूत्र धरायला वहिनी हातात सापडली ती बरणी घेऊन धावली.

आता पेडण्याला घरी आहे. मूत्रपिंडं किती वाचली, ते तपासणीनंतर कळेल. राग उतरलेला नाही, उतरवायचाही नाही. तुमच्या गोठ्यात जुलाब लागले तर आधी पाणी द्या, मग डॉक्टर बोलवा. औषध तो ठरवील.

येताना डिचोलीला उतरून डॉक्टरणीच्या हाती दिलं ते असं: जेंटामायसिनच्या दोन रिकाम्या बाटल्या, एक अर्धी. सुयांच्या वेळा, सुभाषच्या अक्षरात. लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत गाईचं मूत्र, चार बोटं, रंग गडद. मिळालं म्हणून तिनं सही केली.